जळणाचं पीक घ्यायचंय? आधी बॉयलर शोधा, मग बेणं

सध्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात करवीर काय, पन्हाळा काय, कागल काय, प्रत्येक गावात एक तरी जण जळणासाठी नेपियर (हे उंच वाढणारं वैरणीचं गवत) नाहीतर बांबू लावायच्या नादाला लागलेला सापडतो. मोबाईलवर रील येतं, त्यात बारा फुटी गवतात उभा राहून एकजण सांगतो की एकरी एवढे लाख, वीज तयार होणार, गॅस तयार होणार, देशाचा कोळसा वाचणार. यातलं देशाचं जे आहे ते खोटं नाही, लाखाचं काय ते खाली बघू. ज्यांनी यातलं अजून काहीच केलेलं नाही आणि यंदा पाच-दहा गुंठ्यात सुरुवात करू म्हणतायत त्यांच्यासाठी हे लिहितोय. जे आधीच एकरांनी लावून बसलेत त्यांनी थेट वाळवणाचा भाग वाचा, अडतंय ते तिथंच.

मुळात हे आहे काय

एनर्जी क्रॉप म्हणजे जे पीक जाळून वाफ करायला, किंवा टाकीत कुजवून गॅस करायला मुद्दाम लावायचं ते. कोल्हापूरला हे नवीन नाही हे आधी लक्षात घ्या. देशात बायोमासपासून, म्हणजे गवत, काड, लाकूड असल्या मालापासून, वीज करायची क्षमता साधारण १० हजार मेगावॅट आहे आणि त्यातली बहुतांश साखर कारखान्यांच्या बगॅसवर (उसाचा रस काढून उरलेलं चिपाड) चालणारी कोजन, म्हणजे एकाच वाफेवर वीज आणि उष्णता दोन्ही, आहे. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो ओलं बगॅस निघतं, त्यावरच कारखान्याचा बॉयलर पेटतो, वाफ आधी टर्बाईन फिरवते आणि मग तीच वाफ रस आटवायला जाते. गुऱ्हाळघरात चुलव्या चिपाड टाकतो तोही तोच हिशोब, फक्त तिथं टर्बाईन नाही. म्हणजे आपण पिढ्यान्पिढ्या जळणाचंच पीक घेतोय, साखर आणि गूळ त्याच्यासोबत निघतात एवढंच.

आता सरकारचं म्हणाल तर देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशावर होते. त्यात थोडा तरी शेतातला माल मिसळावा म्हणून २०२१ मध्ये केंद्रानं धोरण आणलं, औष्णिक केंद्रांनी कोळशासोबत आधी ५ टक्के आणि पुढं ७ टक्के बायोमास पेलेट (दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्या) जाळायचे. गॅससाठी त्याआधीच, ऑक्टोबर २०१८ मध्ये, सतत नावाची योजना आली, ५ हजार कॉम्प्रेस्ड बायोगॅस (दाबून भरलेला बायोगॅस) प्लांटचं टार्गेट होतं. हे सगळं ऐकून लोकांना वाटतं मागणी दारात उभी आहे. पण औष्णिक केंद्रांना पेलेट लागतात ते मुख्यतः पिकाच्या अवशेषांचे, म्हणजे भाताचं तूस-काड, सोयाबीनचा भुसा असलं, आणि आपल्या जिल्ह्यात कोळशाचं मोठं औष्णिक केंद्र पण नाही. म्हणून आपलं गिऱ्हाईक वेगळं.

वीज की उष्णता, हे आधी ठरवा

नव्या माणसाची सगळ्यात मोठी गल्लत इथं होते म्हणून जरा गणित करू. चांगलं वाळलेलं एक किलो गवत किंवा लाकूड साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी देतं. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. पण वाफेवर वीज करताना तीन-चतुर्थांश उष्णता वाया जाते, छोट्या प्लांटला त्याहून जास्त, म्हणजे किलोला जेमतेम एक युनिट. तेच गवत बॉयलरमध्ये जाळून नुसती वाफ वापरली तर सत्तर टक्के उष्णता कामाला येते. म्हणजे जवळजवळ तिप्पट.

आता एकराचा हिशोब. पाणी देऊन चांगलं नेपियर आलं आणि एकरी १२ टन वाळलेला माल निघाला असं धरा, तर त्याची वीज झाली १२ हजार युनिट, वर्षाची. एक मेगावॅट सोलरला चार-पाच एकर लागतात आणि वर्षाला १५ लाखाच्या आसपास युनिट निघतात, म्हणजे एकरी तीन लाख. पंचवीसपट! तेव्हा फक्त वीजच करायची असेल तर रानात गवत नाही, पॅनेल लावा आणि मोकळे व्हा. जळणाच्या पिकाचा खरा जोर वेगळा आहे, ते साठवून ठेवता येतं, रात्री जाळता येतं, आणि जिथं वाफच लागते तिथं ते सरळ कामाला येतं. म्हणून मी तरी सांगतो, उष्णता विका, विजेचा नाद मोठ्या कोजनवाल्यांना करू दे.

पहिलं काम: मोटरसायकल काढा आणि गिऱ्हाईक शोधा

बेण्याची चौकशी करायच्या आधी तुमच्या गावापासून पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत कोण वाफ करतंय त्याची यादी काढा. इचलकरंजीला सायझिंग आणि प्रोसेसवाल्यांचे बॉयलर आहेत, सुताला खळ लावून वाळवायला वाफ लागतेच. दूध संघ, खाद्यपदार्थाचे कारखाने, ब्रिकेट (भुसा-काड दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) करणारे, हातकणंगले-शिरोळ बाजूचे प्रोसेसिंगवाले, सगळीकडं विचारा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्री बघून हुरळून जाऊ नका, त्यांना लोखंड वितळवायला चौदाशे डिग्रीच्या वर जावं लागतं, तिथं इलेक्ट्रिक भट्टी नाहीतर कोक लागतो, आपलं गवत चालत नाही. गुऱ्हाळवाल्याकडं चिपाड घरचंच असतं, कमी पडलं तरच तो बाहेर बघतो.

विचारताना नुसतं "घेणार काय" असं विचारू नका, सगळेच हो म्हणतात. हे विचारा: आत्ता काय जाळता, किलोला काय पडतं, बॉयलरची शेगडी कसली आहे, तुकडे चालतात की ब्रिकेटच लागतं, ओलावा किती चालतो, पावसाळ्यात माल घेणार की नाही, पैसे किती दिवसात. शेगडीचा प्रश्न महत्त्वाचा कारण गवताच्या राखेत पोटॅश, सिलिका आणि क्लोरीन जास्त असतं, राख वितळून क्लिंकरचे गोळे धरतात आणि नळ्यांवर थर बसतो. लाकूड जाळणारा बॉयलरवाला एकदा गवत टाकून वैतागला की परत दारात उभा करत नाही. म्हणून आधी ट्रॉलीभर माल फुकट द्यायची तयारी ठेवा, जाळून बघू देत.

बायोगॅस प्लांट जवळ असेल तर गोष्ट वेगळी, तिथं ओलं गवत चालतं, वाळवायची कटकट नाही. पण आपल्या भागात प्लांटवाल्याला साखर कारखान्याचं प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) मिळतं, ते स्वस्त आणि कुजायला सोपं, त्याच्याशी तुमच्या गवताची स्पर्धा आहे हे विसरू नका. आणि एक, जो कोणी आधी मेंबरशिप फी मागतो, बेणं त्याच्याकडूनच महागात घ्या म्हणतो आणि प्लांट "लवकरच" उभा राहणार म्हणतो, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. प्लांट डोळ्यानं चालू दिसला पाहिजे.

रान कुठलं

काळ्या मळीच्या, उसाच्या रानात हे लावू नका. का ते सांगतो. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये होती. तोडणी-वाहतूक वजा जाता समजा टनाला तीन हजार हातात पडले आणि एकरी ४० टन निघाला, तर एक लाख वीस हजार झाले. तेवढेच पैसे १२ टन गवतातून काढायचे तर किलोला दहा रुपये पाहिजेत. वाळक्या गवताला दहा रुपये कोण देतंय ते मला पण सांगा. रीलमधले एकरी लाख इथंच फुटतात. आणि तेवढं गवत काढायला पाणी-खत उसासारखंच लागतं बरं का, "बिनपाण्याचं बिनखर्चाचं पीक" ही बात खोटी आहे.

म्हणून जागा शोधायची ती अशी: मुरमाड माळ, डोंगरउताराचं पड पडलेलं रान, ओढ्याकाठचा पट्टा, ज्या तुकड्यापर्यंत ऊसतोडीची गाडी जात नाही तो तुकडा. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला गगनबावड्याकडं ५ हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि पूर्वेला शिरोळला पाच-सहाशे, तेव्हा एकाचं बघून दुसऱ्यानं लावू नये. शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगड भागात उताराच्या रानाला बांबू बरा. पूर्वेला पाणी असेल तर नेपियर. पंचगंगेच्या पूरपट्ट्यात, २०१९ आणि २०२१ ला जिथं आठवडाभर पाणी तुंबून होतं तिथं, नेपियर कुजतं. गायरानात लावायचा विचारच नको.

बांधावर लावायचं म्हणणारे पण असतात. लावा, पण शेजाऱ्याला विचारून. बांधावरनं आधीच भाऊबंदकी कमी आहे का आपल्याकडं.

पीक कुठलं

मोगली एरंड (जट्रोफा) आठवतोय का? २००३ च्या सुमारास बायोडिझेलसाठी देशभर त्याचा गाजावाजा झाला, पडीक जमिनीवर डिझेल पिकणार म्हणून, २००९ च्या धोरणात तर २०१७ पर्यंत २० टक्के जैवइंधन मिसळायचं ठरलं होतं. पडीक जमिनीत झाड जगलं खरं, पण बी धरलंच नाही म्हणावं इतकं कमी, आणि खरेदीला कोणी आलं नाही. पीक जगतं आणि पीक परवडतं यात फरक आहे.

आजच्या घडीला नवख्या माणसानं दोनच गोष्टींचा विचार करावा, हायब्रीड नेपियर आणि बांबू. सुबाभूळ तिसरी, ती बुंध्यावरनं कापली की परत फुटते, तीन-चार वर्षांनी तोड मिळते, शेळ्या पाला खातात, जमिनीत नत्र पण धरते. पण बी पडून सगळ्या रानात उगवते आणि मग हटत नाही, म्हणून मी तिला शेवटी ठेवतो.

बांबूत आपल्याकडं माणगा चांगला, भरीव, काटे नाहीत, कोकणात आणि घाटमाथ्यावर लोकांना ओळखीचा. ५ बाय ४ मीटरवर एकरी दोनशे रोपं बसतात, जूनचे दोन पाऊस झाले की लावायची. पहिली तोड चौथ्या-पाचव्या वर्षी. तोडताना तीन वर्षाच्या वरच्याच काठ्या काढायच्या, यंदाचे कोंब हात लावायचे नाहीत, त्यासाठी दरवर्षीच्या काठ्यांना वेगळ्या रंगाचा पट्टा मारून ठेवा, नाहीतर मजूर सोपी दिसेल ती काठी कापतो. २०१७ ला वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून काढला, त्यामुळं स्वतःच्या रानातला बांबू तोडायची जुनी कटकट कमी झाली. लागवडीला मनरेगातून मदत मिळत आलीय, आता काय चालू आहे ते पंचायत समितीत विचारा आणि ई-पीक पाहणीत नोंद घाला.

पण खरं सांगू? सरळ चांगली बांबूची काठी जाळायची नसते. टोमॅटोवाला, मांडववाला, बांधकामवाला तिला बॉयलरवाल्यापेक्षा जास्त देतो. जाळायला द्यायचं ते शेंडे, वाकडं-तिकडं, जुनं मोडलेलं.

नेपियरची लागण

फुले जयवंत, फुले यशवंत हे राहुरी कृषी विद्यापीठाचे वाण आहेत, तमिळनाडूचे को-४, को-५ पण चालतात. हायब्रीड नेपियरला बी धरत नाही, कांडीच लावावी लागते, तेव्हा कोणी बियाण्याची पिशवी विकायला आला तर ओळखा. "सुपर" अमुक आणि तमुक "रेड" अशा नावांच्या मागं पळू नका, कुठल्याही जवळच्या दूधवाल्याकडं वैरणीसाठी लावलेलं असतंच, तिथनं तीन-चार महिन्यांचं पक्व बेणं घ्या.

रान उभं-आडवं नांगरून एकरी चार-पाच ट्रॉली शेणखत. तीन फुटावर सरी, दोन फुटावर कांडी, म्हणजे एकरी सात हजार दोनशेच्या आसपास कांड्या लागतात, दहा टक्के जास्त धरा. दोन-तीन डोळ्यांची कांडी तिरकी खोचायची, दोन डोळे मातीत, डोळ्याची दिशा वर. पाणी असेल तर फेब्रुवारी-मार्च, नाहीतर जून-जुलै. पहिला दीड महिना तण काढा, पुढं तेच तणाला दाबतं. उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी पाणी, ठिबक असेल तर उत्तम.

खताचं मात्र बारकाईनं बघा. दर टन वाळक्या गवताबरोबर अंदाजे दहा किलो नत्र आणि त्याहून जास्त पोटॅश रानातनं बाहेर जातं. चार-पाच वर्षं नुसतं कापत बसलात तर माळ आणखी माळ होतो. बॉयलरवाल्याकडनं राख परत आणायचं आधीच ठरवा, त्यात पोटॅश असतं, बायोगॅसवाल्याकडनं स्लरी. उसाच्या पाचटाचं पण हेच. हेक्टरी ८-१० टन पाचट निघतं आणि ब्रिकेटवाला ते उचलून न्यायला तयार असतो, पण मी म्हणेन खोडव्यात ते सरीत दाबा, विकू नका आणि पेटवू तर अजिबात नका. जमिनीचा सेंद्रिय कर्ब त्यावरच टिकलाय.

कापणी आणि वाळवण, इथंच सगळं अडतं

ब्रिटनमध्ये वीज आणि उष्णतेसाठी मिस्कॅन्थस नावाचं उंच गवत लावतात. त्यांच्याकडं थंडीत ते उभ्या-उभ्या वाळतं, अन्नद्रव्यं खाली गड्ड्यात उतरतात, पावसानं पोटॅश-क्लोरीन धुऊन जातं, आणि वसंताच्या तोंडावर वाळकंच कापतात. आपल्याकडं कडाक्याची थंडी नाही, नेपियर बारमाही हिरवंच राहतं, शिवाय वाढीचा सगळा जोर पावसाळ्यात, जेव्हा वाळवायला ऊन नाही. म्हणून तिकडचं कापणीचं वेळापत्रक इकडं जसंच्या तसं चालत नाही.

वैरणीसाठी आपण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी कापतो, तेव्हा त्यात ऐंशी टक्के पाणी असतं. जळणासाठी तसं करू नका. पावसाळ्याची वाढ उभी राहू द्या, दांडा निबर होऊ द्या, आणि नोव्हेंबर-डिसेंबरला पहिली तोड घ्या. दुसरी एप्रिल-मे मध्ये, वळीव यायच्या आधी. मध्ये फुटलेलं जनावराला. जोराच्या पावसात उंच गवत लोळतं, थोडं नुकसान धरूनच चाला.

एक टन हिरवं गवत, त्यात ७५ टक्के पाणी, म्हणजे कोरडा माल फक्त २५० किलो. ते १५ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलं तर तीनशे किलोच्या आत भरतं. म्हणजे "एकरी शंभर टन" असं कोणी म्हणालं की लगेच चारनं भागा, आणि ते हिरव्याचं सांगतोय की वाळल्याचं ते पण विचारा. ओलं जाळलं तर गवतातली अर्धी ताकद त्याचं स्वतःचं पाणी उडवण्यात जाते, ओल्या शेणीवर चूल फुंकणाऱ्या बाईला हे सांगायला नको.

फसवणारी गोष्ट अशी की पानं दोन दिवसात कडकडीत होतात आणि दांडा आत ओलाच राहतो. दांडा उभा चिरून बघा. सरळ उपाय म्हणजे एक-दोन दिवस रानात सुकवून मग कडबा कुट्टीतनं इंच-दीड इंचाचे तुकडे करा आणि खळ्यावर किंवा ताडपत्रीवर पातळ पसरा, दिवसातनं दोनदा उलथा. मातीवर ओढत नेऊ नका, माती लागली की राख वाढते आणि ब्रिकेट मशीनचे दात झिजतात.

ओलावा मोजायला मशीन नसलं तरी चालतं. वेगवेगळ्या जागचे तुकडे घेऊन एक किलो वजन करा, कडक उन्हात पातळ पसरून वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा, परत वजन करा, जेवढं कमी झालं तेवढा ओलावा साधारण कळतो. उन्हानं सगळं पाणी जात नाही, म्हणून थोडे टक्के वरनं धरा. ब्रिकेट-पेलेटवाल्याला दहा-पंधरा टक्क्यांच्या आत पाहिजे असतं.

बुचाड, म्हणजे वाळल्या गवताची गंजी, रचताना पूर्ण वाळलेलंच रचा, अर्धवट ओलं दाबून ठेवलं तर आतनं तापतं, बुरशी धरते आणि कधीकधी पेट पण घेतं. घरापासून, गोठ्यापासून, विजेच्या तारांपासून लांब, खाली दगड नाहीतर लाकडं टाकून, वरनं ताडपत्री. हात घालायच्या आधी काठीनं हलवा, साप असतात.

वाहतूक आणि लिखापढी

सुटं गवत घनमीटरला साठ-ऐंशी किलोच भरतं. ट्रॉली डोंगरासारखी दिसते आणि काट्यावर सातशे-आठशे किलो. बेलरनं गठ्ठे केले तर दीड-दोन पट माल बसतो, ब्रिकेट-पेलेट केलं तर सात-आठ पट. म्हणून तीस किलोमीटरच्या पलीकडं सुटं गवत न्यायचं म्हणजे डिझेल विकायला निघाल्यासारखं. जवळचे सात-आठ जण मिळून भाड्यानं बेलर आणला तरच जमतं, एकट्याचं काम नाही.

दर ठरवताना नुसतं "किलोला एवढे" असं लिहू नका, "१५ टक्के ओलाव्याला एवढे" असं लिहा. माल ३० टक्के ओलाव्याचा निघाला तर शंभर किलोचे ८२ किलो धरायचे, ७० भागिले ८५ एवढाच हिशोब, दोघांनाही पटतो. कोणाच्या काट्यावर वजन, ओलावा कोण मोजणार, राख परत मिळणार का, पैसे कधी, हे चार ओळीत कागदावर घ्या. ओळखीचा माणूस असला तरी घ्या.

माहिती लागली तर कणेरी आणि तळसंदे इथली कृषी विज्ञान केंद्रं आहेत, कोल्हापुरातलं ऊस व गूळ संशोधन केंद्र पाचटाबद्दल चांगलं सांगतं, ऊर्जेच्या योजनांसाठी महाऊर्जा या राज्य सरकारच्या संस्थेचं ऑफिस.

पहिल्या वर्षी पाच गुंठ्याच्या वर जाऊ नका. तेवढ्यातनं एका वर्षात तुमच्या रानात किती हिरवं, किती वाळकं, किती मजुरी हे कळतं, आणि गिऱ्हाईक नाही मिळालं तर दोन म्हशी ते संपवतात. बेणं फेब्रुवारीतच कोणाकडं तरी सांगून ठेवा, जूनला सगळ्यांना एकदम लागतं आणि कांडीचा दर दुप्पट होतो.